ग्रामसभेत देशी दारूच्या दुकानाचा विषय निघाला की भांडण होतं. चर्चा नीट कशी घडवावी?

दहा मिनिटांत शिवीगाळ सुरू होते आणि बाया उठून जातात, असं तुम्ही लिहिलंय. असं होतं, कारण दारूबंदी म्हणून तीन विषय एकदम निघतात: परवान्याचं दुकान, मोहाची हातभट्टी आणि कोणाचा नवरा किती पितो. हातभट्टीवर मत घेण्यासारखं काही नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तो गुन्हाच आहे, तिथं पोलिसांत तक्रार द्यायची. वर्धा-गडचिरोलीत तर जिल्हाभर दारूबंदी आहे, परवान्याची दुकानंच नाहीत. आणि नवऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, हे सभा सुरू होतानाच अध्यक्षांनी सांगून टाकावं. एक नाव निघालं की त्याचे भाऊबंद उभे होतात, मग विषय गेला.

राहिलं दुकान. त्याचा निकाल हात वर करून लावू नका. शेजारी सासरा बसलेला असताना बाई हात वर करत नाही. सभेत फक्त बोलणं होऊ द्या. मत महिलांच्या गुप्त मतदानात, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद).

त्याचं गणित आधीच फळ्यावर लिहा. समजा यादीत ६०० महिला मतदार आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करायला २५ टक्के, म्हणजे १५० सह्या लागतात. तुम्ही १८० घ्या, पडताळणीत काही गळतातच. नवीन सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं, कुठं सही आणि यादीतलं नाव जुळत नाही. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला ३०१ मतं हवीत, कारण निम्म्याहून जास्त हे यादीतल्या एकूण महिलांपैकी मोजतात, मतदानाला आलेल्यांपैकी नाही. ४०० जणी आल्या, २९० आडव्या बाटलीला पडल्या, तरी दुकान चालूच. मेलेल्या आणि कामाला बाहेरगावी गेलेल्या बायांची नावंही त्या ६०० मध्ये असतात. बहुतेक गावं इथंच हरतात, म्हणून यादीची दुरुस्ती आधी करून घ्या.

सभेची वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी अर्धे जण पिऊनच येतात. कापूस वेचणीचे दिवस टाळा. बऱ्याच गावांत बाजाराच्या दिवशी मजुरीला सुटी असते, तो दिवस बरा. आदल्या दिवशी महिला ग्रामसभा घ्या. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते.

दुकान राहू द्या म्हणणाऱ्यांनाही बोलू द्या, पण माणशी दोन मिनिटं. ‘बंद केलं तर चोरून येईल’ हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. त्यावर ओरडू नका. दुसरं दुकान किती किलोमीटरवर आहे आणि तिथून कोण आणेल, ते विचारा. चंद्रपूरचं उदाहरण दोन्हीकडून येईल, तिथं २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. त्यात अडकलात तर दुपार होईल, लोकांना आपल्या गावावर आणा.

गाव पेसामध्ये (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) असेल तर दारूविक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. तिथं ठराव ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) सभेतच लिहून आणि वाचून घ्या.