जुन्या मोटरसायकलचं इंजिन फ्रेममध्ये बसवताना

तुमची पहिलीच वेळ आहे म्हणून आधी हे सांगतो: जड इंजिन एकट्याने उचलून फ्रेममध्ये घुसवायला जाऊ नका. पाठ धरते आणि फ्रेमचा नवा रंग खरवडतो तो वेगळाच. चाकं आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) अजून लावले नसतील तर सोपा मार्ग आहे. इंजिन तेल काढून जुन्या गादीवर कुशीवर आडवं ठेवा आणि फ्रेम त्याच्यावर उतरवा. नुसती फ्रेम हलकीच असते! चाकं लावलेली असतील तर मात्र जॅक आणि सोबत एक माणूस हवाच. फ्रेमच्या नळ्यांना आधी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- सगळे बोल्ट आधी हाताने सैलच लावा. एक जरी करकचून आवळला तर शेवटच्याचं भोक जुळत नाही, मग हातोडी बाहेर येते. मीही काढली होती. बोल्टचे आटे गेले आणि अख्खा रविवार पाण्यात.
- बोल्ट जात नसेल तर जॅकने इंजिन १-२ मिलिमीटर वरखाली करून बघा. हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) फ्रेमशी जोडणारी पट्टी असेल तर ती सगळ्यात शेवटी आवळा.
- स्पेसर (इंजिन आणि फ्रेममध्ये अंतर राखणारी बोल्टवरची नळकांडी) जिथले तिथेच. वायर, केबल कुठे चिमटल्या नाहीत ना, तेही आवळण्याआधीच बघा.

तेल भरल्याशिवाय किक मारायची नाही. भरल्यावरही इग्निशन बंद ठेवून, स्पार्क प्लग काढून इंजिन हळूच फिरवून बघा. टायमिंग, कार्बोरेटर आत्ता डोक्यात घेऊ नका. इंजिन बसलं की विचारा.