क्रीडाचाहत्यांच्या हिंसाचाराची थट्टा करणारा टीव्हीवरचा सर्वांत चांगला विनोदी भाग कोणता, आणि त्यात विनोद नेमका कशात आहे?

माझ्या मते, ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या नवव्या पर्वातला ‘द कार्ट्रिज फॅमिली’ हा भाग. तो २ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रथम दाखवला गेला. आपल्या प्रश्नापुरती त्याची सुरुवातीची काही मिनिटेच कामाची आहेत, कारण पुढची गोष्ट बंदुकीची आहे.

स्प्रिंगफिल्ड गावात मेक्सिको आणि पोर्तुगाल यांचा फुटबॉल सामना होणार असतो. पृथ्वीवरचे सर्वांत थोर राष्ट्र कोणते, याचा निकाल आता कायमचा लागणार, असे त्याची जाहिरात गर्जून सांगते आणि या दोन्ही देशांशी काडीचेही देणेघेणे नसलेले गाव स्टेडियम भरून टाकते. साक्षात पेले (अर्थात चित्रातले) मैदानात येतात, मेणकागदाच्या एका कंपनीची तारीफ करतात, पैशांची पिशवी घेतात आणि चालू लागतात. मग सामना सुरू होतो आणि काहीच घडत नाही. खेळाडू एकमेकांकडे चेंडू सरकवत राहतात. केंट ब्रॉकमन हा समालोचक मरगळलेल्या आवाजात चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला एवढेच सांगत असतो, तर शेजारच्या कक्षातला स्पॅनिश समालोचक त्याच पासांचे वर्णन अंगात आल्यासारखे करत असतो. एखाद्या खेळाची गोडी लागलेला माणूस आणि न लागलेला माणूस यांच्यातले अंतर इतक्या थोडक्यात दाखवलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

खरा विनोद यानंतरचा आहे. कंटाळलेले प्रेक्षक उठू लागतात. एकजण म्हणतो, मी निघालो, दुसरा म्हणतो, माझ्याआधी निघायचे नाही, आणि आधी बाहेर कोणी पडायचे यावरून जुंपलेले भांडण बघता बघता स्टेडियमभर आणि तिथून गावभर पसरते. पंचांनी चुकीचा निर्णय दिलेला नसतो, कोणी हरलेले नसते, आणि मुख्य म्हणजे या दंगलीला दोन बाजूच नसतात, कारण मेक्सिकोचा किंवा पोर्तुगालचा खरा पाठीराखा तिथे जवळजवळ कोणी नसतोच. सामन्याचा राग आला म्हणून आम्ही बिथरलो, ही चाहत्यांची नेहमीची सबब लेखकांनी अशी मुळातूनच काढून घेतली आहे.

हे मला एरवीपेक्षा जास्त भिडले, कारण १३ मार्च १९९६ चा ईडन गार्डन्सवरचा विश्वचषकाचा उपांत्य सामना मी घरी टीव्हीसमोर बसून पाहिला होता. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना १ बाद ९८ वरून आपली ८ बाद १२० अशी दाणादाण उडाली, मैदानात बाटल्या येऊ लागल्या, प्रेक्षागारात जाळपोळ झाली आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. रडत परतणारा विनोद कांबळी सर्वांच्या लक्षात आहे. आमच्या घरात मात्र त्या रात्री, ‘लोकांचे तरी काय चुकले, खेळलेच तसे,’ असे बोलले गेले होते. हा भाग पाहिल्यावर ते वाक्य मला आठवले आणि ओशाळल्यासारखे झाले.

एक गोष्ट खटकते. शाळेचा माळी विली हा स्कॉटिश. त्याला ही दंगल फारच मिळमिळीत वाटते आणि अमेरिकनांना धडा द्यायला तो आपल्या दोस्तांना घेऊन गर्दीत उतरतो. प्रसंग हसवतो खरा, पण १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे समर्थक युव्हेंटस या इटालियन क्लबच्या प्रेक्षकांवर चालून गेले, तेव्हा ३९ माणसे मेली होती, हे ठाऊक असलेल्याला दंगल हे ब्रिटिशांचे जणू राष्ट्रीय कसब मानणारी ही गंमत थोडी स्वस्त वाटते. शिवाय फुटबॉल म्हणजे कंटाळा, हा अमेरिकी पूर्वग्रह लेखक तपासत नाहीत, नुसता वापरतात.

पुढे दंगलीला घाबरलेली मार्ज, म्हणजे सिम्पसन कुटुंबातली आई, घराच्या सुरक्षेचा हट्ट धरते, धोक्याच्या घंटेची यंत्रणा ५०० डॉलरची निघते आणि तिचा नवरा होमर बंदुकीच्या दुकानात शिरतो. तिथे त्याला पाच दिवस थांबायला सांगतात, तेव्हा त्याची तक्रार अशी की, राग तर मला आत्ता आलेला आहे.