आधी घराचा हिशेब मांड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बंगळुरूच्या कंपनीत रुजू व्हावे की वडिलांच्या आग्रहाखातर रेल्वेच्या परीक्षेला पुन्हा बसावे, एवढेच तू विचारले असतेस तर मी दोन ओळींत उत्तर दिले असते. पण ‘बाबांना महत्त्वाकांक्षाच नव्हती आणि त्यांची भीती माझ्यात उतरली’ हे तुझे वाक्य मला झोंबले. निर्णय कोणताही घे. त्याआधी घराचा हिशेब मांड, आणि तो पुरता मांड.

तुझे आजोबा रत्नागिरीहून मुंबईला आले ते काही हौसेने नव्हे. खोती, म्हणजे गावच्या जमिनीवरची खोतांची वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली, तरी कुळाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर वर्षभराचे भात पिकत नव्हते. गावच्याच जॉबरच्या, म्हणजे गिरणीत कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने ते गिरणीच्या दरवाजाशी बदली म्हणून उभे राहत. कुणी कामावर आला नाही तर त्या दिवसाची मजुरी पदरात पडे, नाहीतर आल्या पावली परत. गावकीच्या खोलीत पाळीप्रमाणे झोप, खाणावळीत जेवण आणि उरेल त्याची मनिऑर्डर. गावी आजीने एकटीने शेत आणि गुरे सांभाळली म्हणून त्या तुटपुंज्या पगारात घर चालले. तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. अशा घरात कायम नोकरी म्हणजे काय असते, याचा विचार तू केला आहेस का?

ती नोकरी मिळाली आणि गेलीही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा तुझे वडील नववीत होते. त्यांची शाळा कशी सुटली हे तुला ठाऊक आहे, पण ते तू त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर लिहून मोकळा झालास. पुढे मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या मैदानांसाठी आणि म्हाडाच्या घरांसाठी राखला खरा, पण 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्याने डोळ्यांदेखत कायम नोकरी आणि हक्काच्या घराची आशा दोन्ही जाताना पाहिली, त्याने मुलाला सुरक्षित जागा शोधायला सांगितले तर तो भित्रा ठरत नाही. ज्या मित्राच्या बेधडकपणाचे तुला कौतुक वाटते, त्याचे आजोबा शिकून-सवरून कारकून म्हणून मुंबईत आले आणि पार्ल्यात त्यांचे स्वतःचे घर झाले. तो तीनदा अपयशी झाला तरी त्याच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही. त्याच्याशी स्वतःची तुलना करण्यापूर्वी हिशेब मांड.

मात्र हिशेबाला जमेची बाजूही असते, आणि ती टाळून आजोबांच्या हालअपेष्टा मिरवणारी मुले पाहिली की माझा संयम सुटतो. तुझे आजोबा आणि माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते, त्यामुळे पगार इतर खात्यांपेक्षा बरा होता. त्याच गिरणीत, त्याच तालुक्यातून आलेल्या दलित कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने ओढलेल्या धोट्याचा इतरांना विटाळ होई. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला, तरी तो लगेच संपला नाही. आपल्या दोन्ही घरांत शिक्षणासाठी जे चार पैसे उरले, त्यांत त्या बंद दरवाजाचाही भाग आहे. हेही लिही.

माझ्याबद्दल विचारलेस म्हणून सांगतो. बँकेत मला नागपूरची बढती आली होती आणि मी ती नाकारली. तेव्हा संपात देशोधडीला लागलेल्या भावाचे कुटुंब माझ्याच पगारावर होते, आणि दोन शहरांत दोन बिऱ्हाडे मला परवडणारी नव्हती. अधिकारी होता आले नाही याची खंत आजही आहे. माझी मुले त्याला धाडसाचा अभाव म्हणतात. मी म्हणू देत नाही. भावाच्या दोन्ही मुली पदवीधर झाल्या, आणि तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. कदाचित म्हणूनच तुझ्या वडिलांची बाजू मी इतक्या हट्टाने मांडतो आहे. असो, त्याने ती खोटी ठरत नाही.

आता कामाचे. या रविवारी वडिलांसमोर बस. आजोबांचा गिरणीचा पास आणि फंडाचे कागद बाहेर काढायला सांग. संपानंतरची वर्षे कशी काढली, कर्ज कुणाचे होते, ते कधी फिटले, हे विचार आणि त्यांना मध्येच तोडू नकोस. मग तुझा पगार, घराचा हप्ता आणि आईची औषधे कागदावर मांड. माझे मत विचारशील तर तू बंगळुरूला जावेस. पण सहा महिन्यांचा घरखर्च वडिलांच्या खात्यात जमा केल्याशिवाय नव्हे. त्यांच्या भीतीला भाषणाने उत्तर देता येणार नाही, या रकमेने थोडेफार देता येईल. कंपनीकडे रुजू होण्यासाठी मुदत माग. बहुधा देतात.

तुझा,
काका