पक्षाघातानंतरची नैराश्याची गोळी: हातासाठी की मनासाठी?

पक्षाघातातून वाचलेल्या माणसाला डॉक्टर नैराश्यावरची गोळी सुरू करतात, तेव्हा घरात बहुधा दोन तट पडतात. एकाला ती वेडाची गोळी वाटते, तर दुसऱ्याने तिने मेंदू दुरुस्त होतो असे कुठेतरी वाचलेले असते. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका कुटुंबात आई आणि मुलगी असे दोन तट होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). काकांना फ्लुऑक्सेटीनची २० मिलिग्रॅमची गोळी सुरू होऊन तीन महिने झाले तरी उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती, म्हणून डोस वाढवून घ्यावा असे मुलीचे म्हणणे होते. काकू मात्र म्हणत होत्या, "आधीच मेंदूला मार बसलाय, त्यात ही कशाला?"

मुलीची आशा निराधार नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील 'फ्लेम' या अभ्यासात ११८ रुग्णांपैकी फिजिओथेरपीसोबत फ्लुऑक्सेटीन घेणाऱ्यांच्या हातापायांची हालचाल तीन महिन्यांत अधिक सुधारलेली दिसली होती. पुढे ब्रिटनमध्ये 'फोकस' या चाचणीत ३,१२७ रुग्णांवर हीच गोष्ट सहा महिने तपासली गेली, तेव्हा रोजची कामे स्वतःची स्वतः करण्याच्या बाबतीत गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी दोन मोठ्या चाचण्यांचा, एक स्वीडनमधील व दुसरी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि व्हिएतनाममधील, निष्कर्षही तोच निघाला. (पहिली बातमी घरोघरी पोहोचते, नंतरच्या क्वचितच.)

'फोकस'मध्ये दोन गोष्टी मात्र स्पष्ट दिसल्या. नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत शेकडा सुमारे १७ होते, ते घेणाऱ्यांत १३ वर आले; आणि हाड मोडण्याचे प्रमाण शेकडा दीडवरून जवळपास तीनवर गेले.

म्हणून मी काकूंना हाताविषयी न विचारता काकांच्या दिवसाविषयी विचारले. पूर्वी ते दोन घासांत ताट सरकवत आणि फिजिओथेरपिस्ट आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हल्ली स्वतःहून बातम्या लावायला सांगतात आणि कुरकुरत का होईना, व्यायामाला उठून बसतात, असे त्या सांगू लागल्या. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येते आणि त्यामागे मेंदूला झालेली इजा व हातून गेलेले स्वावलंबन ही दोन्ही कारणे असू शकतात. त्यात वेडाचा काही संबंध नाही, हे त्यानंतर त्यांना पटवावे लागले नाही. माझ्या मते गोळीचा हिशोब इथेच मांडायला हवा, मुठीवर नव्हे.

डोस ठरवणे किंवा गोळी बंद करणे हे समुपदेशकाचे काम नाही आणि घरच्यांनीही ते परस्पर करू नये. मी त्यांना तीन प्रश्न लिहून डॉक्टरांकडे पाठवले: रक्तातील सोडियम (या गोळीने ते कमी होऊ शकते) तपासावे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत रक्तस्रावाचा धोका किती, आणि पडण्याचा धोका पाहता ही गोळी किती दिवस घ्यायची. डॉक्टरांनी सोडियम तपासून डोस तोच ठेवला, काही महिन्यांनी फेरविचाराची तारीख दिली आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायला सांगितले. हाताबद्दलचे प्रश्न मुलगी आता फिजिओथेरपिस्टला विचारते.