भट्टीतून अखंड निघालेली काच कड घासताना का तडकली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९० सीओईच्या (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा), एकाच कंपनीच्या ३ मिलिमीटर काचेचे चार थर रचून २५ सेंटिमीटरच्या दोन तबकड्या केल्यात. ८०० अंशांवर (इथले सगळे आकडे सेल्सिअसमध्ये) थर एकजीव झाले, मग भट्टी बंद करून झाकण न उघडता रात्रभर तशीच ठेवली. दोन्ही अखंड निघाल्या. चार दिवसांनी ८० नंबरच्या दाण्याने (नंबर जितका लहान, दाणा तितका भरड) कड घासताना एक तडकली, तडा वळत गेला आणि टोकाशी आकड्यासारखा फिरला. दुसरी वाचली, पण ८० नंतर थेट ४०० नंबर लावून शेवटी सेरियमने (काचेला चमक देणारी पूड) कितीही घासली तरी धुरकट दिसते. घासताना जोर जास्त लागला की पाणी कमी पडलं, असं तुम्ही विचारता आहात.

जोराचा आणि पाण्याचा यात फार थोडा वाटा आहे. तबकडी घासताना तडकली हे खरं, पण तिच्यातला ताण भट्टी बंद केली त्या रात्रीच बसला होता.

आधी तडा वाचायला शिका, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती त्यावरून ठरते. तुटलेल्या कडा गोलसर, वितळून मऊ झालेल्या असतील तर काच तापताना फुटली आणि नंतर त्या कडा वितळल्या. म्हणजे सुरुवातीला तापमान फार झपाट्याने चढवलं. कडा धारदार असतील तर काच गार होताना किंवा त्यानंतर फुटली. तडा दोन रंगांच्या सांध्याला धरून, एखाद्या तुकड्याभोवती फिरल्यासारखा गेला असेल तर त्या दोन काचा एकमेकींशी जुळत नाहीत. आणि तुमच्यासारखा, रंगांची पर्वा न करता वळत जाऊन टोकाशी आकडा घेणारा धारदार तडा दिसला, की पहिला संशय अ‍ॅनीलिंगवर, म्हणजे ताण उरू नये म्हणून काच ठरावीक तापमानाला थांबवून सावकाश गार करण्यावर, घ्यायचा. काच एकाच कंपनीची आणि जुळणारी म्हणूनच घेतलेली असल्यामुळे तुमच्या बाबतीत मला दुसरी शंका उरत नाही.

मग चार दिवस ती टिकली कशी? काच उष्णता फार हळू वाहून नेते. भट्टी बंद केली की पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, आतला गाभा अजून नरम असतो. नंतर गाभा आकसायला बघतो, पण बाहेरचं कवच त्याला आकसू देत नाही. शेवटी कवच दाबाखाली राहतं आणि गाभा ताणाखाली. काच दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. दाबाखालचं कवच शाबूत आहे तोवर सगळं ठीक दिसतं. तुम्ही ८० नंबरने नेमकं तेच कवच खरवडलंत, एक बारीक टवका ताणलेल्या भागापर्यंत पोचला आणि तडा पळाला. हे माझ्याही हातात झालेलं आहे. जवळजवळ पूर्ण झालेलं काम असं जातं तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणूनच एवढ्या विस्ताराने लिहितो आहे.

भट्टी रात्रभर बंद होती म्हणजे काच सावकाश गार झाली, असं वाटतं खरं. पण तापमानाच्या ज्या पट्ट्यात सावकाशी हवी, तो पट्टा छोटी भट्टी सगळ्यात आधी ओलांडून जाते. माझी पहिली भट्टी बंद केल्यावर ५०० वरून ३७० वर पाऊण तासात यायची आणि मग १०० अंशांच्या खाली सकाळपर्यंत रेंगाळायची. त्या रेंगाळण्याचा काचेला काही उपयोग नाही.

१२ मिलिमीटर जाडीच्या बुल्सआय (९० सीओईची काच बनवणारी कंपनी) काचेसाठी मी हे वापरतो: ४८२ अंशांवर २ तास थांबा. तिथून ताशी ५५ अंशांनी ४२७ पर्यंत, मग ताशी ९९ अंशांनी ३७१ पर्यंत. त्याखाली ताशी ३३० पेक्षा वेगाने उतरू नये, पण बंद झाकणाची भट्टी बहुधा स्वतःहून तेवढी घाई करतच नाही. ६ मिलिमीटरला १ तास थांबून ताशी ८३ अंशांनी उतरलं तरी चालतं. २५ मिलिमीटरला ४ तास थांबून ताशी फक्त १५ अंश. १२ वरून २५ वर, म्हणजे जाडी दुप्पट झाली की उतरण्याचा वेग साधारण चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो, उतरण्याचा वेळ नुसता दुप्पट करून भागत नाही. तुकडे अर्धवट चिकटवलेलं, उंचसखल काम असेल तर सर्वांत जाड भागाच्या दुप्पट जाडी धरून कंपनीचा गार करण्याचा तक्ता बघा. दुसऱ्या कंपनीची काच असेल तर तिचाच तक्ता घ्या. खिडकीच्या काचेला तर यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं.

तबकडीखालची फळी भट्टीच्या तळावर टेकलेली असेल तर दोन-तीन सेंटिमीटर उंच टेकूंवर ठेवा. नाहीतर वरची बाजू गार आणि खालची गरम राहते, मग तक्ता कितीही बरोबर असला तरी ताण उरतो.

ताण डोळ्यांनी बघता येतो, आणि काच घासायला घेण्याआधी हे बघायलाच हवं. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल किंवा पोलराइज्ड फिल्मचा तुकडा डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा, आणि मधे तबकडी धरा. ताण असेल तिथे काच उजळते. तबकडी उभी-आडवी फिरवून बघा, जमलं तर कडेकडूनही. काच खोलीच्या तापमानाला आलेली हवी, कारण नुसत्या हाताच्या उबेनेही उजळ डाग दिसतात. अपारदर्शक काचेत हे दिसत नाही, म्हणून त्याच जाडीचा एक पारदर्शक तुकडा प्रत्येक वेळी भट्टीत बरोबर ठेवत जा.

आता धुरकटपणा. बहुतेक जण याचा दोष सेरियमला देतात, तुम्हीही दिला आहे. सेरियम ऑक्साइड खड्डे भरत नाही आणि खोल ओरखडे काढतही नाही. ते आधीच गुळगुळीत झालेल्या काचेला फक्त चमक देतं. तुम्ही ८० वरून थेट ४०० वर गेलात, मधला टप्पाच नाही. ८० नंबरने पडलेले खड्डे ४०० ने काढायचे तर दिवसभर घासत बसावं लागेल. माझा क्रम ८०, १२०, २२०, ४००, ६००, मग प्युमिस (ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड) आणि शेवटी सेरियम असा असतो. यात सगळ्यात जास्त वेळ मी २२० वर घालवतो. तिथे प्रामाणिकपणे काम झालं की पुढचे टप्पे लवकर उरकतात.

टप्पा पूर्ण झाला हे कसं कळणार? काच धुऊन पूर्ण कोरडी करा. ओली काच नेहमी गुळगुळीतच दिसते, पाणी खड्डे झाकतं. तिरप्या उजेडात भिंगाने बघा. सगळीकडे सारखा दाणा दिसला पाहिजे. एखादा जरी मोठा खड्डा मधेच चमकला तरी पुढे जायचं नाही. दुसरी खूण मार्करची: पृष्ठभागावर जाळीसारख्या रेघा काढा आणि त्या पूर्ण जाईपर्यंत घासा, मग परत काढून पुन्हा घासा. रेघ जिथे शिल्लक राहते तिथे पॅड पोचलेलंच नाही. डायमंड पॅड वापरत असाल तर प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे मागच्या नंबरचा ओरखडा आडवा दिसतो आणि लपत नाही.

नंबर बदलताना काच, हात, टेबल, बादली सगळं धुवा, नखांतलंसुद्धा. ४०० मधे ८० चा एकच दाणा राहिला तरी तासाभराचं काम वाया जातं. आणि सुरुवात करण्याआधी तीक्ष्ण कडेवर बारीक उतार द्या. टवके उडतात ते तिथूनच.

घासताना काच कायम ओली हवी. सुक्या काचेच्या धुळीने फुप्फुसांना इजा होऊ शकते, आणि मास्क हा पाण्याला पर्याय नाही. सेरियम लावून घासायच्या फेल्टवरही (लोकरीच्या नमद्यावर) पाणी सुकू देऊ नका, एका जागी काच तापली की तिथेच तडकते. राहिलेला गाळ बादलीत बसू द्या, मोरीत ओतू नका. तो नळीत घट्ट बसतो.

वाचलेल्या तबकडीला अजून ८० नंबरकडे परत नेऊ नका. ती त्याच रात्री, त्याच पद्धतीने गार झालेली आहे, तेव्हा आधी स्क्रीनसमोर धरा. उजळली तर ब्रशने कडेच्या खड्ड्यांतला सगळा गाळ आणि सेरियम धुवा, कोरडी करा आणि पुन्हा भट्टीत घाला. तिच्यात आधीच ताण आहे म्हणून वर चढताना ताशी ८० अंशांपेक्षा जास्त नको. ५३० वर अर्धा तास, मग ४८२ वर आणून वर लिहिलेला पूर्ण क्रम. एवढ्या तापमानाला तिचा आकार बदलत नाही. बाहेर आली की दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, परत स्क्रीनसमोर धरा. काळोख एकसारखा दिसला तर १२० पासून सुरू करा. ८० चे खड्डे तेवढ्याने निघतील, पुन्हा ८० लावायची गरज पडू नये.