कथा सामान्य असूनही केवळ प्रमुख अभिनेत्यांमुळे पाहावा असा गुन्हेगारी थरारपट कोणता?

माझे उत्तर ‘रायचस किल’ (2008). कायद्याच्या तावडीतून सुटलेल्या गुन्हेगारांचे न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक खून पडतात, प्रेतापाशी छोटी कविता सापडते आणि रॉबर्ट डी नीरो व अल पचिनो हे मुरलेले पोलीस तपासाला लागतात. आरंभीच डी नीरोचा कबुलीजबाब दाखवून प्रेक्षकाला चकवण्याचा घाट इतका उघडा आहे की, दोन-चार रहस्यकथा वाचलेल्या माणसालाही वास यावा. तरीही मी तो दोनदा पाहिला. 1974 च्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात हे दोघे वेगवेगळ्या काळांत असल्याने समोरासमोर आलेच नव्हते आणि 1995 च्या ‘हीट’मध्ये जेमतेम काही मिनिटे आले होते, येथे मात्र ते जवळजवळ पूर्ण वेळ एकत्र आहेत.

परंतु आपल्या प्रश्नातील ‘केवळ’ या शब्दावरून आमच्या घरात गेली पंचवीस वर्षे वाद चालू आहे. माझ्या साडूंनी लिहिलेली एक रहस्यप्रधान एकांकिका आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातील हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी गडकरी रंगायतनमध्ये केली होती. मी इन्स्पेक्टर होतो आणि बँकेत नोकरी करणारा आमचा एक मित्र पत्नीच्या खुनाचा संशयित. खुनी तोच, हे दहाव्या मिनिटाला कळत असे, आणि शेवटी कोणी विचारले नसताना तो आपण होऊन सांगे, “सुरी तुळशीच्या कुंडीत आहे.” तालमीत या वाक्याला आम्हीच हसत होतो.

प्रयोगात मित्राने ते वाक्य येण्याआधी दोरीवर वाळत असलेली पत्नीची साडी काढली, तिची घडी घालायला घेतली, काठाला काठ जुळवताना मध्येच थांबला आणि माझ्याकडे न पाहता ते वाक्य उच्चारले. हा माणूस पकडले जाण्याचीच वाट पाहत होता, हे जे कारण संहितेत कोठेही नव्हते, ते त्या घडीतून आले, आणि नाट्यगृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. वेळ ओलांडल्यास गुण कापले जात असल्याने साडू विंगेत स्टॉपवॉच घेऊन उभे होते. प्रयोगानंतर ते मित्राला एवढेच म्हणाले, “वीस सेकंद खाल्लीस.” अभिनयाचे पारितोषिक मित्राला मिळाले, लेखनाचे साडूंना मिळाले नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात पंगत उठेपर्यंत ते सांगत असतात की वाक्य तर माझेच होते.

पुढे गणेशोत्सवात तीच एकांकिका झाली, तेव्हा मित्र काविळीने अंथरुणाला खिळला होता. साडूंनी घडीचा भाग वगळला, बदली नटाने वाक्य शब्दशः म्हटले आणि मांडवभर हशा पिकला. बदली नटाला चारच तालमी मिळाल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा ‘रायचस किल’ पाहताना बोलणाऱ्याकडे नव्हे, ऐकणाऱ्याकडे लक्ष ठेवा. त्या चित्रपटाचे सारे मोल तेथे आहे. आपण स्वतः लिहीत असाल, तर तालमींना अवश्य बसा, मात्र स्टॉपवॉच घरी ठेवा. एक खुलासा राहिला: दोरीवर साडी असावी, ही सूचना संहितेत साडूंनीच लिहिली होती. ती कशासाठी लिहिली, हे त्यांना आजही सांगता येत नाही.