जिप्सीचा कार्बोरेटर जोंगाला?

प्रश्न : मामांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जोंगा (फौजेची जुनी जीपसारखी गाडी) आता माझ्याकडे आहे. स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, थरथरते, पेट्रोल बेसुमार पिते. मेकॅनिक म्हणतो, मूळ कार्बोरेटर संपलाय, जिप्सीचा बसवून देतो. बसवू का?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : बसेल की हो. जाड पट्टी आणि चार बोल्ट असले की काहीही कशावरही बसतं. पण जोंगाचं निसान इंजिन ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडर एका रांगेत. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा घेतं. म्हणजे ३५०० आरपीएमला हे मिनिटाला कागदावर ६९०० लिटर हवा मागणार. १२९८ सीसीची जिप्सी ६००० आरपीएमलाही ३९०० लिटरवर भागवते. ही सगळी हवा कार्बोरेटरच्या नळीतूनच जाते. जिप्सीच्या नळीवर तुमची गाडी जांबोटीच्या बाजारात गुमान फिरेल, चोर्ला घाट चढताना मात्र नाक दाबल्यासारखी कुथेल.

आधी जुन्याचं बघा. एअर क्लीनर काढून थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा, बोटांनी हलवा. खुळखुळला तर तिथून हवा ओढते, थरथर त्याचीच. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून पितळी बुश घालून घ्या. माझा कौल यालाच. राहिलं पेट्रोल, तर चार लिटरचं इंजिन पिणारच. हे मामांनी बोली लावतानाच ओळखायला हवं होतं.

कार्बोरेटरची बॉडीच झिजली असेल तर तो बदला. फौजेतून आल्यावर मी एका जोंगाला वेबर ३२/३६ हा कार्बोरेटर लावला होता. अमेरिकन जीपच्या ४.२ लिटरच्या सहा सिलिंडरलाही लोक हाच लावतात. याला दोन नळ्या : धाकटी आधी उघडते, थोरली जोर दिल्यावर. लिंकेज (ॲक्सिलरेटरची जोडणी) सोपं पडतं म्हणून मी तो इंजिनाच्या लांबीला धरून बसवला, धाकटी पुढच्या अंगाला. शंभरेक किलोमीटर चालवून प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले. पुढचे तीन काजळीनं काळे, मागचे तीन खडूसारखे पांढरे. तीन तुपाशी, तीन उपाशी! काटकोनात फिरवून दोन्ही नळ्या आडव्या शेजारी आणल्या, तेव्हा कुठे सहाही प्लग बिस्किटी रंगावर आले. पट्टी दोनदा करावी लागली, लेथवाला अजून हसतो.

वेबरला तीनेक पीएसआय दाब पुरतो. पंप जास्त ढकलत असेल तर फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) धरत नाही, पेट्रोल वरून वाहतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. तेवढं हयगय न करता तपासा.

जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचं) गणित आपल्याकडे जरा मजेशीर आहे. बेळगाव साडेसातशे मीटरवर, हवा विरळ, त्यामुळे मिश्रण तीन-चार टक्के घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं. उलट वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सात-आठ टक्के जास्त मागतं. म्हणून मेन जेट एखादा नंबर मोठा घालून बघा. रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, जुन्या आतून सोलतात.

शाफ्ट हलवून बघितलात की कळवा. प्लगही काढलेत तर क्रमानं मांडून फोटो पाठवा, सुटे नकोत.